कावळ्याला दिलेला शब्द

आधी कबूल करून टाकतो, मी निसर्गप्रेमी वगैरे नाही. गेली तीन वर्षं दर शनिवारी सकाळी मी सिंगापूरच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका राखीव खारफुटीच्या जंगलात स्वयंसेवक म्हणून जातो. हिरवा टी-शर्ट, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर मागून मान झाकणारी टोपी. ऑफिसात माझं कौतुक होतं. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा तसा फोटो आला तेव्हा त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी ते सगळे अंगठे निमूटपणे घेतले. मी तिथे गेलो तो कावळ्याच्या शोधात, हे कोणालाही सांगितलं नाही.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सात वर्षांपूर्वी अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्यात गेले. मी विमानातून उतरून घरी पोहोचलो तोवर सगळं उरकलेलं होतं. अण्णा फोनवर कधी ‘कसा आहेस’ असं विचारत नसत. ‘मग, कधी?’ एवढंच विचारत. म्हणजे परत कधी येणार. मी म्हणायचो, ‘बघू, हा प्रोजेक्ट संपू दे.’ आमच्या धंद्यात प्रोजेक्ट संपत नाहीत, त्यांची फक्त नावं बदलतात. हे अण्णांना पहिल्या दोन वर्षांतच कळलं होतं, तरी ते विचारत राहिले.

दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. समोरच्या झाडावर आठ-दहा कावळे बसलेले होते, पण एकही खाली येईना. मग आश्वासनं सुरू झाली. ताई हात जोडून म्हणाली, “अण्णा, आईला मी सांभाळीन, काळजी करू नका.” कावळे ढिम्म. मेहुणे म्हणाले, “तुमची सगळी पुस्तकं वाचनालयाला देतो.” एका कावळ्याने पंख खाजवला. आत्या म्हणाली, “दादा, माझ्यावरचा राग सोड आता.” काहीच नाही. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. त्यांना पुढे आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. तेवढ्यात धाकटे काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अरे, त्याचा जीव तुझ्यात अडकलाय. तू बोल काहीतरी.”

मी पुढे झालो, हात जोडून डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणालो, “अण्णा, दोन वर्षांत मी कायमचा परत येतो.”

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली उतरला. सगळ्यांनी हुश्श केलं. ताई रडली. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, “बघ! सांगत नव्हतो?” मी मात्र तिथे ओल्या धोतरात उभा राहून मनात मुलीच्या शाळेची वर्षं मोजत होतो. घाटाच्या पायऱ्या चढून वर येईपर्यंत मला कळून चुकलं, की मी नुकताच एका कावळ्याशी खोटं बोललोय.

दोन वर्षांनी मी परत गेलो नाही. आम्ही पी.आर., म्हणजे इथल्या कायमच्या वास्तव्याचा परवाना, घेतलं. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी बायकोने शिरा केला. मी आधी खिडकीशी जाऊन बाहेर कावळा बसलेला नाही ना, ते बघून घेतलं.

बाहेर कावळा नव्हता. तीच तर अडचण होती.

पुंगोलमधल्या आमच्या फ्लॅटच्या आसपास साळुंक्या आहेत, कबुतरं आहेत, पाण्यात पाणमांजरांचं एक मोठं खटलं आहे, पण कावळा औषधालाही सापडत नाही. पितृपक्षात अण्णांच्या तिथीला बायको भात, वरण, वडे, आमसुलाची चटणी, खीर असं सगळं रीतसर करते. अण्णांना खीर आवडत नसे. पंगतीत ते आपली वाटी हळूच माझ्याकडे सरकवत. पण श्राद्धाला खीर लागतेच, तिथे अण्णांचं काही चालत नाही. पहिल्या वर्षी कावळ्याचं पान मी खिडकीबाहेर एसी ठेवायच्या कट्ट्यावर ठेवलं. पाच मिनिटांत साळुंक्या आल्या, पंधरा-वीस तरी असतील. त्यांनी पान साफ केलं आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर त्याची पोचपावती दिली.

चार दिवसांनी लिफ्टमध्ये नोटीस लागली. इमारतीत कोणीतरी पक्ष्यांना अन्न घालत आहे, हे ताबडतोब थांबवावं. नोटीस इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ अशा चार भाषांत होती. मराठीत नव्हती, आणि होती ती फक्त एका मराठी माणसासाठी. कारण खाली फोटो छापला होता, त्यात केळीच्या पानाचा तुकडा आणि खास श्राद्धाला करतात तसा भोकाचा वडा.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने नोटीस वाचली, फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

“बाबा, धिस इज अवर वडा, राइट?”

लिफ्टमध्ये आणखी दोघे शेजारी होते. मी मराठीत पुटपुटलो, “घरी गेल्यावर बोलू.”

“सो इट इज, लाह,” ती इथल्या लोकांसारखं ‘लाह’चं शेपूट जोडून म्हणाली.

त्याच्या आधीच, तिथीच्याच संध्याकाळी, आईचा पुण्याहून फोन येऊन गेला होता. “कावळा शिवला का रे?” आणि मी म्हणालो होतो, “हो, लगेच.” आईने “बरं झालं बाई” म्हणून असा काही मोकळा श्वास घेतला, की मग दरवर्षी तेच उत्तर देणं भाग पडलं. कावळ्याशी एकदा खोटं बोललो होतो, आईशी सालाबादप्रमाणे बोलायला लागलो.

मुलगी माध्यमिक शाळेत गेली तेव्हा शाळेने समाजसेवा करायला सांगितली. तिने खारफुटीचं जंगल निवडलं. लहान मुलांबरोबर पहिल्या दिवशी पालक हवा म्हणून मी गेलो. तिथल्या स्वयंसेवकांच्या प्रमुख सत्तरीच्या एक चिनी बाई होत्या. यिशुनला राहायच्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना टीचर म्हणायचे. त्या पुलावरून वाकून मुलांना खालच्या चिखलातली निवटी दाखवत होत्या. निवटी म्हणजे पाण्याबाहेर येऊन चिखलात उड्या मारणारा, बेडकासारखे डोळे वर आलेला मासा. सगळी मुलं खाली बघत होती. मला मात्र वरून आवाज आला. काव.

मी मान वर केली. पुलाच्या टोकाला एका खांबावर कावळा. राखाडी मानेचा, अस्सल आपल्याकडचा. त्याच्या शेजारी दुसरा. माझे डोळे भरून आले.

टीचरनी ते पाहिलं. त्यांना वाटलं निवटीमुळे. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं दाखवतेय, पण निवटी बघून रडलेला तू पहिलाच,” आणि त्यांनी स्वयंसेवकांचा फॉर्म माझ्या हातात ठेवला. मी तिथल्या तिथे भरला. ‘का यावंसं वाटलं?’ या रकान्यात ‘निसर्गाची ओढ’ असं लिहिलं. हे तिसरं खोटं, आणि ते लेखी.

त्यांनी मला काम दिलं ते पाटी घेऊन उभं राहायचं. पाटीवर एक माकड, एक केळं आणि दोघांवर मिळून लाल फुली. प्राण्यांना खायला घालू नका. एवढ्या जागा सोडून मला हेच काम का, असं मी विचारलं, तर टीचर म्हणाल्या, “तुझा चेहरा. तुझ्याकडे बघितलं की लोकांना आपोआपच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. अशी देणगी सगळ्यांना नसते, लाह.”

आणि खरंच, मी त्या कामात फार चांगला निघालो. नुसता जवळ जाऊन उभा राहिलो तरी माणसं चिप्सची पाकिटं बॅगेत ढकलायची. मी त्यांना समजावून सांगायचो. टीचरनी शिकवलेलं मला तोंडपाठ झालं होतं: माकडाला एकदा माणसाकडून खाऊ मिळाला की ते धीट होतं, मग पिशव्या हिसकावतं, मग तक्रारी होतात, मग त्याला पकडून नेतात. “आणि नेलेलं माकड परत येत नाही,” हे शेवटचं वाक्य टीचर म्हणायच्या तसंच, आवाज खाली आणून म्हणायचो. एकदा एक आजोबा हे ऐकून इतके विरघळले, की त्यांनी खिशातले सगळे शेंगदाणे माझ्याच हातावर ठेवले. या कामाबद्दल मी टीचरना दर महिन्याला एक्सेलचा तक्ताही पाठवायचो. त्या कधीच उघडायच्या नाहीत. फक्त मला ‘मॅनेजर’ म्हणायला लागल्या.

आता माझी कोंडी बघा. सिंगापुरात कावळे जिथे हमखास दिसतात अशी मला माहीत असलेली एकमेव जागा ही. आणि त्या जागेत कोणालाही काहीही खायला घालू न देणारा माणूस मीच.

पितृपक्ष येतो सप्टेंबरच्या सुमाराला. त्याच सुमाराला सैबेरियाकडून चिखल्या आणि तुताऱ्या या पक्ष्यांचे थवे खाली उतरून आमच्या चिखलात पोट भरायला येतात. टीचर सगळ्यांना सांगायच्या, “पाहुणे आलेत, हळू बोला.” मला वाटायचं, यांचे पाहुणे आणि आमचे पाहुणे एकाच पंधरवड्यात येतात, पण यांच्या पाहुण्यांना निदान जेवायला तरी मिळतं. पहिली दोन वर्षं मी तिथीनंतरच्या शनिवारी डबा पाठीवरच्या पिशवीत घालून नेला आणि तसाच परत आणला. परतीच्या वाटेवर बसस्टॉपच्या बाकावर बसून एकट्याने वडे खाल्ले. कावळ्याच्या वाटणीचे वडे खाताना घास कसा घशात फिरतो, ते खाल्ल्याशिवाय समजायचं नाही.

यंदा तिथी बरोबर शनिवारी आली. आदल्या दिवशी आईचा फोन. “यंदा कावळ्याचा फोटो पाठव हं. ताईने मला फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायला शिकवलंय.”

मी फोन ठेवला आणि बायकोकडे बघितलं. ती उडदाची डाळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. “घाल एकदाचं,” ती म्हणाली. “नाहीतर तू म्हातारा होईपर्यंत ते वडे बसस्टॉपवर खात बसशील. पण पकडला गेलास तर सगळं तूच केलंस म्हणून सांग. वड्यांसकट.”

सकाळी तिने खीर घातली ती अण्णांच्या डब्यात. अण्णा निवृत्त झाले तेव्हा कचेरीतल्या सहकाऱ्यांनी त्यांना दिलेला स्टीलचा छोटा डबा. डब्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं अण्णांचं पूर्ण नाव आणि खाली ‘सप्रेम भेट’. मी इथे आलो तेव्हा अण्णांनीच तो माझ्या बॅगेत कोंबला होता. मुलीने तो प्राथमिक शाळेत रोज नेला. त्याचं झाकण घट्ट बसतं, दुसरं काही कारण नव्हतं.

नऊ वाजता ओहोटी होती. बाकीचे सगळे पाहुण्या पक्ष्यांना बघायला पुलाच्या त्या टोकाला गेलेले. मी पक्षी बघण्यासाठी बांधलेल्या लाकडी खोपटीच्या मागे गेलो. पाटी कठड्याला टेकवली. कठड्यावर पान मांडलं, भात, वरण, दोन वडे. शेजारी खिरीचा डबा, उघडा. खांबावर दोन कावळे बसलेलेच होते. फोन हातात घेऊन मी चार पावलं मागे सरलो.

कावळ्यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

एक मिनिट झालं, तीन झाली. मग काय करणार, मी हात जोडले आणि हळू आवाजात सुरुवात केली. “अण्णा, मुलीची दहावी झाली की बघतो.” काही नाही. “वर्षातून दोनदा येईन.” एका कावळ्याने चोच खांबाला घासली. “बरं, तीनदा. आईला इकडे घेऊन येईन.” हेही खोटं होतं, आई पुणे सोडून कुठे राहत नाही, आणि कावळ्यालाही ते ठाऊक असावं. “अण्णा, निदान फोटोपुरते तरी या,” असं मी म्हणालो, तेवढ्यात पानाचा सर्रकन आवाज झाला.

माकड होतं. मोठं, लांब शेपटीचं, एक कान किंचित फाटलेला. त्याने शांतपणे दोन्ही वडे उचलले, एक गालात भरला, एक हातात ठेवला. मग डबा उचलला, हुंगला, त्यात एक बोट बुडवून चाटलं. तोंड असं काही वाकडं केलं, की काय सांगू. डबा उलटा करून त्याने सगळी खीर खालच्या चिखलात ओतून दिली, रिकामा डबा उन्हात फिरवून त्याची चकाकी बघितली आणि वडे, डबा असं सगळं घेऊन ते खारफुटीत दिसेनासं झालं.

त्याच वेळी एक आई-वडील आणि बाबागाडीतलं बाळ खोपटीशी आले. त्यांना दिसलं ते इतकंच: पळणारं माकड, कठड्यावर भात आणि हात जोडून उभा असलेला हिरव्या टी-शर्टमधला मी. मी पाटी उचलून छातीशी धरली आणि म्हणालो, “प्राण्यांना कृपया खायला घालू नका.”

“वी डिडन्ट,” ती बाई घाबरून म्हणाली.

गडबडीत बोट लागून फोनमध्ये एक फोटो आला होता. त्यात एक शेपटी होती. आईला मी सांगितलं, कावळा लगेच शिवला, फोटोच्या वेळी फोनची बॅटरी संपली.

दोन आठवड्यांनी शनिवारी सकाळी टीचरनी आम्हा सगळ्या स्वयंसेवकांना एकत्र उभं केलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. खोपटीजवळचं एक माकड, फाटक्या कानाचं, लोकांच्या पिशव्या हिसकायला लागलं होतं. आधी एकाची स्टीलची पाण्याची बाटली, मग एका बाईचा थर्मास. चकाकणारं काही दिसलं की झेप घेतंय. “कोणीतरी त्याला भांड्यातून खायला दिलंय,” टीचर म्हणाल्या. “हे असंच चालू राहिलं तर मला वर कळवावं लागेल. मग अधिकारी येऊन पिंजरा लावतील.” पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत. ते मलाच पाठ होतं.

त्यानंतर महिन्याची सफाई होती. आम्ही गमबूट घालून चिखलात उतरलो आणि खारफुटीच्या मुळांत अडकलेला कचरा गोळा केला. माझी मुलगीही आली होती. शाळेचे तास केव्हाच संपले होते, तरी ती यायची. मग सावलीत ताडपत्री पसरून आम्ही कचरा वेगळा करायला बसलो. टीचर हातात तक्ता घेऊन एकेक वस्तू उचलून सांगायच्या, कोणीतरी लिहून घ्यायचं. प्लॅस्टिक. प्लॅस्टिक. काच. चप्पल, डाव्या पायाची. आणि मग त्यांनी चिखलाने माखलेला एक डबा वर धरला, अंगठ्याने त्याची बाजू पुसली.

“यावर काहीतरी लिहिलंय. मॅनेजर, तुमची भाषा आहे का?”

मी मान पुढे करून वाचल्यासारखं केलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हिंदी असावं. किंवा नेपाळी.”

अण्णांचं नाव. मी माझ्या बापाचं नाव नेपाळी म्हणून खपवलं.

तिथल्या कोणालाही देवनागरी येत नव्हती. मी वाचलो होतो. टीचरनी “मेटल” म्हणून डबा धातूच्या ढिगावर टाकला आणि पुढची बाटली उचलली. मी मान वर केली, तर समोर मुलगी. तिला मराठी वाचायला मी धड शिकवलेलं नाही, तेही माझंच पाप. पण सहा वर्षं ज्या डब्यातून तिने पोळीभाजी खाल्ली, तो ओळखायला तिला अक्षरांची गरज नव्हती. ती डब्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता इंग्रजीत काहीतरी म्हणेल. नेहमी टोमणे मारणारी पोर गप्प बसली की काय होतं, ते आई-बापांना विचारा.

मी उठलो. ढिगातून डबा उचलला, टी-शर्टने पुसला.

“टीचर, हे मराठी आहे,” मी म्हणालो. “हे माझ्या वडिलांचं नाव आहे. माकडाला मी खायला घातलं.”

ताडपत्रीवरचे सगळे हात थांबले. मग मी सगळंच सांगितलं. घाट, दोन वर्षांचं वचन, पी.आर., साळुंक्या, लिफ्टमधली नोटीस, आईचा फोन. निवटीबद्दलही सांगितलं, की मी तिला बघून रडलो नव्हतो. इंग्रजीतून हे सांगणं फार अवघड होतं. ‘कावळा शिवला’ याला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला अजूनही माहीत नाही.

टीचरनी हातातला तक्ता खाली ठेवला. मग म्हणाल्या, “निवटीचं तू सांगायला नको होतंस. ते मी सगळ्यांना सांगत आले.”

“सॉरी, टीचर.”

“टी-शर्ट दे.”

मी तिथेच काढून दिला. आत बनियन होता, देवाची कृपा.

“आता ऐक. ते माकड विसरेपर्यंत तू शनिवार-रविवार, दोन्ही दिवस त्या खोपटीशी उभं राहायचं. स्वतःच्या कपड्यांत. येणाऱ्या प्रत्येकाला बाटल्या, थर्मास पिशवीत ठेवायला सांगायचं. आणि का, ते स्वतःच्या गोष्टीनेच सांगायचं. पाठ केलेलं नको.”

“येस, टीचर.”

त्यांनी टी-शर्टची घडी घातली. “आमच्या चिनी पंचांगात सातवा महिना पितरांचा, तेव्हा मी घरी माझ्या आईच्या फोटोपुढे कॉफी ठेवते. जास्त साखरेची, तिला लागायची तशी. नंतर ती मीच पिते. मला डॉक्टरांनी साखर बंद केलीय, लाह, पण त्या दिवशी काय करणार.” मग खांबाकडे हनुवटी करून म्हणाल्या, “आणि तो कावळा. तुला माहीत आहे ना, तो इथला नाही? जहाजांबरोबर तुमच्याच बाजूने आला आणि इथेच राहिला. तुझे वडील त्याच्यात असतील, तर त्यांनी तुझ्याआधीच पी.आर. घेतलंय.”

मुलगी एवढ्या जोरात हसली, की पाहुणे पक्षी उडाले.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. आता एकदा सुटलोच होतो, म्हणून दरवर्षीची खोटी उत्तरंही सांगून टाकली. कावळा कधीच शिवला नाही, आई. यंदा माकडाने नेलं.

आईने विचारलं, “वडे नेले?”

“हो. दोन्ही.”

“आणि खीर?”

“बोट लावून बघितलं आणि ओतून दिली.”

आईला हसू फुटलं. आधी नुसतं खुसखुसत, मग खोकला येईपर्यंत. ताई शेजारून “काय झालं गं?” विचारतेय ते ऐकू आलं. आई म्हणाली, “यांनी आयुष्यभर तेच केलं!” आणि पुन्हा हसली.

तिचं हसू ओसरल्यावर मी उरलेलं एक सांगितलं. “आई, घाटावर मी अण्णांना खोटं सांगितलं. मी कायमचा परत येणार नाही, बहुतेक. तेव्हाही माहीत होतं. माझ्या त्या खोट्यावर कावळा आला.”

“तुझ्या खोट्यावर?” आई म्हणाली. “अरे वेड्या, तुझ्या काकांच्या खिशात शेव होती. त्यांना शुगरचा त्रास, खिशात काहीतरी ठेवायचेच. तू हात जोडून डोळे मिटलेस, तेव्हा त्यांनी तुझ्यामागून पिंडाशेजारी मूठभर टाकली. आम्ही सगळ्या बायकांनी बघितलं. गुरुजींनीपण बघितलं. त्यांना घाई होती, ते कशाला बोलतील?”

मी खुर्ची ओढून बसलो. सात वर्षं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“मला काय माहीत तू ते मनाला लावून घेशील! मला वाटलं, तू म्हणायचं म्हणून म्हणालास. सगळेच म्हणतात. तुझ्या आत्याचा राग यांनी कुठे सोडला असता?” मग अण्णांच्या सुरात, “मग, कधी?”

“डिसेंबरमध्ये. बारा दिवस.”

“बारा खरे ना?”

“बारा खरे.”

“ये. खीर करणार नाही.”

फाटक्या कानाचं माकड विसरायला सहा आठवडे लागले. पहिले दोन शनिवार-रविवार ते माझ्यासमोर कठड्यावर येऊन बसायचं आणि माझे हात बघायचं. मी रिकामे हात उलटसुलट करून दाखवायचो. मग ते दर वेळी थोडं लांब बसायला लागलं, आणि एके दिवशी बाकीच्या कळपाबरोबर चिखलात खेकडे शोधताना दिसलं. पिंजरा आला नाही. टीचरनी मला टी-शर्ट परत दिला, धुऊन, घडी घालून, आत कागदाची चिठ्ठी: ‘एक्सेल अजूनही नको.’

आता मी येणाऱ्या लोकांना माझीच गोष्ट सांगतो. छोटी करून सांगितली तरी पाच मिनिटं लागतात. माणसं चिप्स बॅगेत ठेवतात, पण त्याआधी हसतात, आणि काही जण आपापल्या आजी-आजोबांचं काहीतरी सांगायला लागतात. अण्णांचा डबा मी घरी आणून घासला. एका बाजूला पोचा आलाय. मुलगी म्हणते राहू दे तसाच. ती आता डब्यावरचं नाव वाचायला शिकतेय. पहिलं अक्षर येतं, दुसऱ्याला अडते.

परवाच्या शनिवारी मी खोपटीशी उभा होतो. एक कावळा खांबावरून उतरला आणि थेट माझ्या पाटीच्या वरच्या कडेवर येऊन बसला. हातभर अंतरावर. मान वाकडी करून त्याने मला नीट न्याहाळलं.

“डिसेंबर,” मी त्याला म्हणालो. “बारा दिवस. तिकीट काढलंय. जास्तीचं काही बोलणार नाही.”

त्याने पाटीवरच्या केळ्याला एक टोच मारली, ते खोटं आहे हे कळल्यावर काव म्हणाला आणि उडून गेला.